न्यायला येऊ नकासा

वडिलांनी मला तालमीच्या दारात सोडलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. १९८६ चा मे महिना, पहाटेचे साडेपाच. सायकलच्या दांडीवर बसून आलो होतो. दांडीला गुंडाळलेला टॉवेल निम्म्या वाटेत सुटला होता आणि दांडी टोचत होती, पण सांगायची सोय नव्हती, कारण वडील त्या दिवशी गप्प होते. एक हात हँडलवर, दुसऱ्यात पिशवी. पिशवीत नारळ, हार आणि पावशेर पेढे.

त्यांना आत यायचं होतं. उद्यमनगरात टर्नर होते ते, पाळी साडेसातची, म्हणजे वेळही होता. पण वस्तादांनी पिशवी घेतली आणि दारातच हात आडवा केला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वडिलांना म्हणाले, "पोरगं ठेवून जावा. आणि न्यायला येऊ नकासा. त्येला घर म्हाईत हाय."

वडील उगाचच हसले, सायकल वळवली आणि गेले. मी त्यांची पाठ बघत राहिलो. शर्टाची कॉलर विरली होती आणि आईनं ती उसवून उलटी करून शिवली होती. रोज बघत असणार मी तो शर्ट. पण कॉलर त्या दिवशी दिसली.

तालमीत गेलं की कुस्ती शिकवतात अशी माझी समजूत होती. पहिले दोन महिने मी माती उकरली. बाहेरच्या माणसाला कुस्तीच्या हौदातली माती म्हणजे नुसती तांबडी माती वाटते. ती आधी चाळून घेतलेली असते, मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर जातं. रात्रीतून ती बसते, आवळून येते. पहाटे तिला फावड्यानं खालपासून वर काढायची, ढेकळं फोडायची आणि मग सारखी करायची. थंडीच्या दिवसांत वरचा थर गार आणि आतली माती कोमट लागते. आंबूस वास येतो, हळदीचा आणि माणसांच्या घामाचा. चाळीस वर्षं होत आली, पण ताकाचं भांडं घासायला घेतलं की मला अजून तालीम आठवते.

एकदा मी वरवर उकरून मोकळा झालो. वस्ताद कट्ट्यावर बसून हे बघत होते. म्हणाले, "उकर नीट. तुलाच पडायचंय त्यात."

कोनाड्यात मारुती होता, शेंदूर चढून चढून नाकडोळे बुजलेला. कोल्हापुरातली तालीम मारुतीशिवाय नसते. आत शिरताना त्याच्या पाया, हौदात उतरताना मातीच्या पाया. शक्तीचा देव म्हणून तो तिथं असतो हे कुणीही सांगेल. मला मात्र त्याची एकच गोष्ट खरी तालमीतली वाटते, आणि तिच्यात त्याची शक्ती त्याला ठाऊकच नसते.

वानरं समुद्रकाठी येऊन थांबलीत. लंका शंभर योजनं लांब. एकेक जण उठून आपली झेप सांगतो. कुणी म्हणतो दहा योजनं, कुणी वीस, कुणी तीस. म्हातारा जांबवंत म्हणतो, तरुणपणी माझी गोष्ट वेगळी होती, आता नव्वदपर्यंत जाईन. अंगद म्हणतो, शंभर जाईन, पण परत येईन याची खात्री नाही. किती खरं पोर आहे बघा हे! आणि या सगळ्या बोलाचालीत मारुती बाजूला गप्प बसलेला असतो. लहानपणी ऋषींना छळलं म्हणून त्याला शाप मिळालेला, की तुझं बळ तू विसरशील, कुणीतरी आठवण करून देईपर्यंत. मग जांबवंत त्याच्याजवळ जातो आणि त्याला त्याचीच गोष्ट सांगायला लागतो. तू कोणाचा, लहानपणी फळ समजून सूर्याकडं कसा झेपावला होतास, हनुवटीला वज्राचा मार कसा बसला. ऐकता ऐकता तो वाढायला लागतो.

हे काम त्याचा बाप करत नाही हे मला फार उशिरा लक्षात आलं. वायू तर सगळीकडं आहे, तो तिथंही असणारच. पण सांगतं एक म्हातारं अस्वल, ज्याची स्वतःची झेप दहा योजनं कमी पडते.

आमच्या वाड्याच्या पलीकडं एक ब्राह्मण कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझा दोस्त. आठव्या वर्षी त्याची मुंज झाली, आणि मला तेव्हा फक्त त्याला मिळालेलं घड्याळ दिसलं. पण एक दृश्य मनात राहिलं. मातृभोजन. केस कापायच्या आधी मुलगा आईच्या ताटात जेवतो, त्या ताटातलं शेवटचं जेवण. त्याची आई त्याला जिलबी भरवत होती आणि एकीकडं डोळे पुसत होती. तो मात्र चकोट झाल्यावर शाळेत पोरं काय म्हणतील याच काळजीत. नंतर लंगोटी, मेखला, हातात दंड. दगडावर उभं केलं आणि भटजींनी सांगितलं, या दगडासारखा स्थिर हो. मग भिक्षावळ. पहिली भिक्षा आईकडंच मागायची! सकाळी जिच्या ताटात जेवला तिच्यासमोर दुपारी झोळी घेऊन उभं राहायचं, तिला 'भवति' म्हणायचं. ज्या कुणी हे योजलं त्याला पोरं आणि आया दोन्ही कळत होत्या.

मी घरी येऊन विचारलं, माझी मुंज कधी? वडील म्हणाले, "आपल्यात नसती." आजी चुलीपासून म्हणाली, "आपल्यात आसंल की, पर करू दिली न्हाई."

आजीच्या त्या वाक्याला कोल्हापुरात मोठा इतिहास आहे. १८९९ चा कार्तिक. शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात, सोबत मंत्र म्हणायला भटजी. ते वेदांतले, म्हणजे वेदोक्त, मंत्र न म्हणता पुराणांतले, पुराणोक्त, म्हणतात हे बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून दिलं. विचारल्यावर उत्तर आलं, शूद्रांना पुराणोक्तच. राजाला! तिथून जे पेटलं ते वेदोक्त प्रकरण, राजोपाध्यांची वतनं जप्त होईपर्यंत गेलं. त्याआधी सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाच पेच रायगडावर पडला होता. शिवाजी महाराजांची मुंज १६७४ च्या मे महिन्याच्या अखेरीस झाली, राज्याभिषेकाच्या आठवडाभर आधी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. अफझलखान झाला, पन्हाळ्याचा वेढा झाला, आग्रा झालं, आणि मग मुंज. ज्या दरवाजातून पोरानं आत जायचं तो दरवाजा काहींच्या तोंडावर बंद करण्यासाठीही वापरला जातो, हे विसरून या विधींचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.

आणि तरी त्याच परंपरेत सत्यकामाची गोष्ट आहे. त्याला गुरूकडं जायचंय, तर आईला विचारतो, माझं गोत्र कोणतं? जबाला सांगते, बाळा, मला माहीत नाही. तरुणपणी मी बऱ्याच ठिकाणी कामं करत फिरले, तेव्हा तू झालास. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेच सांग. तो तेच सांगतो. गौतम ऋषी त्याला पदरात घेतो आणि पहिला धडा काय देतो? चारशे अशक्त, हडकुळ्या गायी. यांना घेऊन रानात जा. पोरगं म्हणतं, हजार झाल्याशिवाय परत येणार नाही. त्यात वर्षं जातात. शिकवतात त्याला बैल, अग्नी, हंस आणि एक पाणपक्षी. गुरूनं फावडं हातात दिल्यासारखंच झालं की हे.

१९०९ साली आर्नॉल्ड व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकानं जगभरचे असले विधी तपासून एक साधी गोष्ट दाखवून दिली. त्यांचे तीन तुकडे असतात. आधी तोडायचं, मग अधांतरी ठेवायचं, मग नव्या नावानं परत घ्यायचं. वाचलं तेव्हा मला मातृभोजन आठवलं, आणि वडिलांची उलटी शिवलेली कॉलरही.

पोरींचं वेगळं असतं. माझी बहीण मोठी झाली तेव्हा घराला एका दिवसात कळलं. त्यातलं बरंचसं तिला जाचच होतं, कोपऱ्यात बस, लोणच्याला शिवू नकोस. मात्र शरीरानंच सांगून टाकलं होतं, की काहीतरी संपलं. पोराला असं काही होत नाही. आवाज फाटतो, त्यावर सगळे हसतात, संपलं. म्हणूनच पोरांसाठी काहीतरी बाहेरून घडवून आणावं लागत असेल, असा माझा अंदाज. (बहिणीनं तेव्हा विचारलं होतं, मला का नाही तालमीत? उत्तर कुणाकडंच नव्हतं. आता पोरी मातीतही उतरतात आणि मॅटवरही, तिच्या पोरीनं वर्षभर कुस्ती केली.)

चार महिन्यांनी माझी पहिली कुस्ती लागली. करवीर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत, रेवडीवरची. मोठ्या कुस्त्या संध्याकाळी, त्यांना हजारांचे इनाम. त्याआधी भर उन्हात पोरासोरांच्या कुस्त्या लावतात, जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या. पंचांनी उंची बघून माझी जोड लावली. समोरचं पोरगं माझ्याहून किडकिडीत, नाक गळत होतं. हलगी घुमत होती. मी शड्डू ठोकला, खासबागेच्या कुस्ती मैदानात बघून पाठ केलेला, आणि त्या आवाजावर मीच खूश झालो.

त्यानं पट काढला. मला आभाळ दिसलं, नंतर एक घार दिसली, आणि मग लोकांचं हसणं ऐकू आलं. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

मी उठलो तो रडतच. वस्ताद पुढं आले. कुठं लागलं विचारलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. म्हणाले, "हात मिळव त्येच्याशी." मिळवला. "त्येच्या वस्तादाच्या पाया पड जा." तो माणूस फडाच्या पार पलीकडं बसलेला. पाठीला माती लागलेली, नाक वाहतंय, आणि मी एवढा मोठा फड ओलांडून परक्या माणसाच्या पाया पडायला निघालोय. आयुष्यात पुढं नोकरीच्या मुलाखती झाल्या, कर्जासाठी बँकेत बसलो, वडिलांना अग्नी दिला. पण चालताना पाय एवढे जड कधी झाले नाहीत. त्या वस्तादानं माझी हनुवटी वर केली, एवढंच म्हणाला, "बेस."

परतताना एसटीत वस्तादांनी खिशातून कागदाची पुडी काढली. रेवड्या. विकत घेतलेल्या. मी तोंड फिरवलं. "खा," म्हणाले, "रेवडी काय जिंकणाऱ्याच्या बापाची हाय व्हय?"

खाल्ल्या. पाठ खाजत होती.

त्यानंतर तीन वर्षं मी तालमीत होतो. घिस्सा, ढाक, मोळी, एकलांगी, नावं सगळी येतात, डाव निम्मेच आले. पहाटेच्या जोर-बैठकांनंतर गंगावेशीतल्या कट्ट्यावर जाऊन म्हशीचं दूध, समोर धार काढून दिलेलं, पेल्यावर फेस. एका पावसाळ्यात मेहनत झाल्यावर अंग पुसत होतो, तेव्हा वस्ताद जाता जाता म्हणाले, "तुझ्या मांडीत कुस्ती हाय. तुला म्हाईत न्हाई." एवढंच. थांबलेसुद्धा नाहीत. मी पैलवान झालो नाही. दहावीला सुटली तालीम, ती सुटलीच. पण कधीही दमून खाली बसलो की ते वाक्य मांडीतून वर येतं. ते खरं होतं की सगळ्याच पोरांना ते तसं म्हणायचे, हे मी कधी तपासलं नाही, तपासणारही नाही.

तालमीत खाशाबा जाधवांची गोष्ट ते फार सांगायचे. सगळे सांगतात. गोळेश्वरचं पोरगं, राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आलं. १९४८ ला लंडनला सहावं आलं आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वस्ताद मात्र पदकापाशी थांबायचे नाहीत. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले, ही हकीकत आमच्याकडं घरोघर सांगतात. वस्ताद विचारायचे, "कुणाचं पोरगं? खर्डेकरांचं हुतं का?" आणि आम्ही एका सुरात "न्हाई" म्हणायचो.

मला यातून शाहू महाराजांकडं जावंसं वाटतं. खासबाग त्यांनी बांधलं, १९०२ च्या विलायतेच्या फेरीत रोमचं कोलोसियम बघून डोक्यात घेतलं आणि १९१२ ला मैदान उभं राहिलं, हे सगळ्यांना पाठ आहे. मी त्यांच्या लहानपणाचा विचार करतो. तीन वर्षांचे असताना आई गेली. दहाव्या वर्षी, १८८४ ला, कागलचं पोर दत्तक म्हणून कोल्हापूरच्या गादीवर आणलं. दोन वर्षांत जन्मदाते वडील गेले. मग राजकोट, मग धारवाड, फ्रेजर नावाचे इंग्रज शिक्षक, हिंदुस्थानभर फिरती. विसाव्या वर्षी हातात राज्य. ज्याला बाप पुरला नाही त्या माणसानं १९०१ पासून कोल्हापुरात दुसऱ्यांच्या पोरांसाठी बोर्डिंगं उघडायचा सपाटा लावला. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्यांची पोरं, सगळ्यांची. माझे आजोबा भुदरगडातून डोक्यावर ट्रंक घेऊन त्यातल्याच एका बोर्डिंगात आले. त्यांचा बाप बैलगाडीतून खाली उतरला नाही म्हणे. उतरला असता तर पोरगं परत घेऊन गेला असता, असं आजोबा म्हणायचे.

आता जरा दुसरी बाजू. तालमींचं सोनंच होतं असं नाही. माझ्याबरोबरचे दोघं पुढं फक्त शड्डू घेऊन बाहेर पडले. एक जण पुढाऱ्यांच्या मागं फिरण्यात संपला. पेठापेठांतली खुन्नस, फुटबॉलच्या मॅचनंतर शाहू स्टेडियमबाहेर फेकलेल्या बाटल्या, हेही आमच्याच तालमींचं. आणि आता तर बऱ्याच तालमींत हौदावर फरशी आलीय, वर मंडळाचं ऑफिस. पोरांना फलकावर फोटो मिळतो, वाढदिवसाला तलवारीनं केक. चौदा वर्षांचं पोरगं आणि खाली 'भावी नगरसेवक'! फोटो मिळतो आणि फावडं मिळत नाही. अंगात आल्यासारखी साऊंडच्या भिंतीपुढं नाचणारी ही पोरं बघून लोक नाकं मुरडतात. मला वाटतं ती अधांतरी टांगलेली आहेत. घरातून सुटलीत आणि पलीकडं उभं राहून घ्यायला कुणी नाही. मग ती एकमेकांनाच बाप्ये करायला बघतात.

हे सगळं पटापट लिहितोय खरं, पण माझ्या घरात काय होतं?

आमचं धाकटं गेल्या साली दहावीला. मी फोन बघतोय, तो फोन बघतोय, बायको दोघांना बघतेय. फेब्रुवारीत एका संध्याकाळी पूर्वपरीक्षेचे मार्क कळले आणि मी त्याच्या हातातला फोन ओढला. त्यानं विचारलं, "तुम्ही काय करता हो दिवसभर त्याच्यात?" प्रश्न बरोबर होता. म्हणूनच झोंबला. मी ओरडलो, "जा, कुठं तोंड काळं करायचं तिकडं कर."

तो चप्पल घालून गेला.

नचिकेताचा बाप आठवला मला त्या रात्री, खरंच आठवला. वाजश्रवस यज्ञात दान देत असतो. गायी कसल्या, तर शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या. पोराला ते दिसतं. बापाचा लबाडपणा पहिल्यांदा दिसण्याचं वय असतं ते. तो विचारतो, मला कुणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप वैतागून म्हणतो, मृत्यूला देतो तुला. आणि पोरगं निघतं. यम घरी नाही. तीन रात्री हे पोर दारात उपाशी बसून. यम येतो, ओशाळतो, तीन वर देतो. पुढच्या आत्मज्ञानाबद्दल पंडित लिहितात, मी पहिल्या वरावर अडकतो. पोरगं मागतं, मी परत गेलो की बापाचा राग गेलेला असू दे, त्यानं मला ओळखू दे.

म्हणजे जाताना ते बापाचंच डोक्यात घेऊन गेलं होतं. आणि त्याला सांभाळून घेऊन, शिकवून परत पाठवणारा वस्ताद कोण, तर साक्षात यम.

साडेदहा झाले. मी रंकाळ्याला एक चक्कर मारून आलो, दिसला नाही. अकराला गल्लीतल्या तात्यांचा फोन. "संध्यामठाकडं बसलंय. मी हाय त्येच्याजवळ. तू येऊ नकोस."

तात्या म्हणजे जोतिबाच्या यात्रेला जाणाऱ्या आमच्या गल्लीच्या सासनकाठीचे मानकरी म्हणावे असे. कागदावर मान-बिन काही नाही, पण काठी त्यांच्याशिवाय हलत नाही. पंचाहत्तरीचे, एका कानानं कमी ऐकतात. त्यांनी रंकाळ्यावर पोराला काय सांगितलं ते मला माहीत नाही. बारा वाजता तो आला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी तात्या मला दुधाच्या रांगेत म्हणाले, "परीक्षा झाली की पोरगं काठीला पाठीव."

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा, जोतिबाचा डोंगर गुलालानं तांबडा होतो हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. शंभरावर सासनकाठ्या. उंच कळक, त्याला रंगीत कापड, वर तुरा. एकानं बुंधा पेलायचा आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी दोर धरून वरचा झोक सावरायचा. वारा वर असतो, खाली कळत नाही. दोर धरणारा ढिला पडला तर काठी पेलणाऱ्याच्या छातीवर येते. हलगी, पिपाणी, चांगभलं, खोबरं अंगावर आपटतंय, आणि त्यात नजर सतत वर.

पंधरा दिवस आधीपासून पोरगं संध्याकाळी तात्यांकडं जात होतं. मी एकदा सहज डोकावलो तर गल्लीच्या बोळात बसून कळकाला तेल चोळत होतं. फडक्यानं, बुंध्यापासून वर, पेराजवळ थांबून. तात्या शेजारी खुर्ची टाकून पेंगत होते. मी काही बोललो नाही. पोरानं मला बघितलं आणि पुन्हा फडकं चालवलं.

यात्रेच्या दिवशी मी डोंगरावर गेलो. ऊन मी म्हणत होतं. गर्दीत त्यांना शोधून जवळ पोचलो, पाण्याची बाटली पुढं केली. तात्यांनी ती घेतली, स्वतः प्याले आणि मला म्हणाले, "तू बापूस हाईस. तू तिकडं कठड्यापाशी थांब." ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा तो आवाज, सगळ्यांनी ऐकला. मी कठड्यापाशी गेलो. उगाचच हसलोही असेन.

तिथून मला त्याची पाठ दिसत होती. दोर मनगटाला वेढलेला, टाचा रोवलेल्या. काठी दक्षिणेकडं झुकली तेव्हा तात्या काहीतरी ओरडले आणि त्यानं पूर्ण अंग मागं टाकलं. तुरा क्षणभर लोंबकळला आणि सरळ झाला. शेजारच्या एका मिशाळ माणसानं, ओळख ना पाळख, त्याच्या खांद्यावर थाप दिली. पोरानं वरची नजर काढली नाही.

संध्याकाळी पालखी यमाईकडं निघायच्या आत मी स्कूटर काढून खाली आलो. एकटाच.

तो रात्री साडेअकराला आला. पायी. केसांत, कानांत, भुवयांत गुलाल. आईनं भाकरी झाकून ठेवली होती. मोरीत हात धुवायला वाकला तर पाणी तांबडं झालं आणि मग दोराच्या वळाचे व्रण दिसले, मनगटापासून कोपरापर्यंत. आईनं हळद आणायला पाऊल उचललं. तो म्हणाला, "राहू दे." जेवला. दोन भाकऱ्या, वर दूध.

झोपायला जाताना माझ्या खोलीच्या दारात थांबला. "काठी सोडवायचीय उद्या. कापड धुवून ठेवायचंय. सहाला उठवा." दिवा मालवायला हात नेला आणि पुन्हा म्हणाला, "नको. उठतो मी."